दंडापेक्षा स्वस्त

निपाणीहून कागलला जाताना कोगनोळी टोलनाक्याच्या थोडं अलीकडं एका टपरीवर मी बरीच वर्षं चहा घेत आलोय. तिथं बसलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. सर्व्हिस रोडनं उलट्या बाजूनं येणाऱ्याला हात करून कुणीतरी विचारतं, “हाईत काय गा पुढं?” कोण, ते सांगावं लागत नाही. ‘हाईत’ असं उत्तर आलं की कोपरात अडकवलेलं, टाकीवर ठेवलेलं, नाहीतर मागच्याच्या मांडीवरचं हेल्मेट डोक्यावर चढतं. ‘न्हाईत’ आलं की ते जागचं हलत नाही. ही पोरं यमगर्णी, सौंदलगा, निपाणीची. कागलच्या एमआयडीसीत पाळीला निघालेली. दूधगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलतं, पोलिसांची टोपी बदलते, पण हा प्रश्न बदलत नाही. उलट तिकडून येणारे एमएच-०९ वाले इकडच्यांनाच विचारतात, कारण परक्या पाटीची गाडी आधी नजरेत भरते असा दोन्हीकडच्यांचा समज.

औषध कंपनीत एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणून लागलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. हेडक्वार्टर बेळगाव; खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी हे माझे एक्स-स्टेशन, म्हणजे त्याच दिवशी जाऊन परत यायची गावं. बेळगाव-निपाणी सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दीडशे. महिन्याला दोन हजार किलोमीटर तरी होतातच, म्हणजे आजवर साडेसहा लाखांच्या आसपास. पहिली गाडी सीडी-१००, मग दोन स्प्लेंडर, आता हिच्यापुढं नवी घेईन असं वाटत नाही. नोकरीला लागलो तेव्हा हा हायवे एकपदरी-दुपदरीच होता आणि आम्ही त्याला एनएच-४ म्हणायचो. चौपदरी झाला, त्याचा नंबर ४८ झाला, तरी आमच्या तोंडी तो ‘एनेच फोर’च राहिलाय.

त्या पहिल्या सीडी-१०० वर माझ्याकडं हेल्मेट नव्हतं. कायदा नव्हता असं नाही; १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १२९ वं कलम होतंच. नियमच असाही आहे की नव्या दुचाकीबरोबर मानकातलं हेल्मेट द्यायचं. मला शोरूमवाल्यानं विचारलं होतं, “हेल्मेट घेणार, की त्याबदली सीटकव्हर आणि साडीगार्ड देऊ?” मी सीटकव्हर घेतलं. लाल पायपिंगचं होतं.

हेल्मेट न घालायला एमआरकडं बाकीच्यांपेक्षा एक कारण जास्त असतं. आमचा धंदा दिसण्याचा. इस्त्रीचा शर्ट, टाय, चकचकीत बूट, आणि भांग. तासभर हेल्मेट घालून निपाणीत उतरलं की केस कोंबड्याच्या पिसासारखे होतात. डॉक्टरांच्या केबिनमध्ये मिळतात दोन मिनिटं. त्यातलं अर्धं मिनिट त्यांनी माझ्या डोक्याकडं बघण्यात घालवलं तर माझं कफ सिरप कोण ऐकणार? शिवाय ते ठेवायचं कुठं? एका हातात बॅग, दुसऱ्यात व्हिज्युअल एड. वेटिंगमध्ये बाकड्याखाली ठेवलं तर पेशंटचं पोरगं त्यात पाय घालून बसतं. मी तर एकदा त्यात सॅम्पल भरून आत नेले होते. डॉक्टर म्हणाले, “भीक मागायला आलास काय रे?”

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण हेल्मेटची किंमत म्हणतात ती खरी इथं असते. पैसे त्यानंतर येतात. घाम, मानेवरचा भार, विस्कटलेला भांग, अडचण, आणि गल्लीतून निघताना कुणीतरी म्हणणार, “काय गा, कोपऱ्यावर निघालास न्हवं? मग हे कशाला घालालास?” ही किंमत रोज द्यावी लागते, आणि बदल्यात काय मिळालं ते कधीच दिसत नाही. दिसतो फक्त दंड.

पूर्वी दंड शंभर रुपये होता. २०१९ च्या सप्टेंबरात नवा कायदा आला आणि तो हजार झाला. बेळगावात आठ-पंधरा दिवस नुसता हाहाकार. मग त्याच महिन्यात कर्नाटक सरकारनं तो पाचशेवर आणला आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. त्याच्याही आधी, २०१६ च्या जानेवारीत, कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं झालं होतं. तेव्हा बेळगावात रस्त्याकडेला ताडपत्र्या टाकून हेल्मेटचे ढीग लागलेले मला आठवतात. कलिंगडाच्या मोसमात लागतात तसे. दोनशे, अडीचशे, फार तर तीनशे. बाया अंबाडा सोडून डोक्यात बसतंय का बघत होत्या, गजऱ्याचं काय करायचं यावर नवऱ्याशी भांडत होत्या. “एष्ट री?” “इन्नूरैवत्तु.” “कम्मी माडरी.” घासाघीस व्हायची ती वीस रुपयांवर.

मीही त्या ढिगातून बायकोसाठी एक उचललं. अडीचशेचं. मनातला हिशेब सरळ होता: तीनदा पकडलो तरी वसूल. पुढं दंड पाचशेचा झाला तेव्हा तर अडीचशेचं हेल्मेट म्हणजे दंडावर निम्मी सूट. आमच्या भागात हेल्मेटचा भाव डोक्याशी लावत नाहीत, पावतीशी लावतात. दंडापेक्षा स्वस्त असलं की ते परवडणारं हेल्मेट. हा हिशेब अडाण्यांचाच असतो असं समजू नका. माझ्या ओळखीचा एक केमिस्ट आहे, एक्स्पायरी डेट बघितल्याशिवाय गोळीची पट्टी हातात घेत नाही. त्याच्या हेल्मेटवर ‘आयएसआय’ असं स्टिकर होतं, नखानं निघायचं.

गंमत म्हणजे चांगलं हेल्मेट शोधायला आम्हाला लांब जायची गरजच नाही. उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत, हे बेळगावचं पोर जन्मतःच जाणतं. पण देशभर हेल्मेट विकणारी वेगा ही कंपनी १९८२ पासून आपल्याच गावची, हे निम्म्या बेळगावला ठाऊक नसावं. माझा कोल्हापूरचा मेहुणा नवं हेल्मेट घेऊन आला आणि मला पत्ता वाचून दाखवायला लागला, “दाजी, हे तर तुमच्या बेळगावचं!” मी त्यावेळी उघड्या डोक्यानं चहा पीत होतो, म्हणजे घरातच होतो, तरी उगीच ओशाळल्यासारखं झालं.

हेल्मेट म्हणजे काय, हे मला एका दुकानदारानं शिकवलं. त्यांना सगळे मामा म्हणतात. दुकानाची पाटी नियमाप्रमाणं वर साठ टक्के कन्नड, आत बोलणं शंभर टक्के बेळगावी. मामा गिऱ्हाइकाला आधी हेल्मेट उलटं करून दाखवायचे. कापडी अस्तर बाजूला करून म्हणायचे, “हे बघा. वरच्या कवचाचे पैसे नव्हे, ह्याचे पैसे.” आत काळा-पांढरा, घट्ट दाबलेला थर्माकोल. एका गिऱ्हाइकानं विचारलेलं मी स्वतः ऐकलंय: “थर्माकोलचे चौदाशे? टीव्हीच्या खोक्यातनं फुकट येतोय की ओ.”

मामा चिडले नाहीत. ते म्हणाले, टीव्हीच्या खोक्यात तो तरी कशाला घालतात? खोकं पडलं तर टीव्हीऐवजी तो चेपावा म्हणून. डोकं थांबतं, पण आतला मेंदू लगेच थांबत नाही. तो कवटीवर आदळतो. थर्माकोल चेपताना जो क्षणाचा काही भाग जास्त लागतो, तेवढाच वेळ आपण चौदाशे रुपयांना विकत घेतो. आणि तो एकदाच वापरता येतो. चेपलेला परत फुगत नाही. म्हणून मोठा मार बसलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. ताडपत्रीवरच्या हेल्मेटात मामांनी बोट घालून दाखवलं: थर्माकोलच्या जागी स्पंज. शाळेतल्या फळ्याच्या डस्टरला असतो तसला. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणंच बेकायदा झालंय. आयएस ४१५१ हे त्याचं मानक, आणि खऱ्या शिक्क्याबरोबर ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवान्याचा नंबर असतो. ताडपत्र्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. खऱ्या हेल्मेटवर अठरा टक्के जीएसटी आहे. ताडपत्रीवर कसला जीएसटी?

मी बदललो तो मात्र मामांमुळं नाही, एका न्यूरोसर्जनमुळं. नाव सांगत नाही. बेळगावातच प्रॅक्टिस करतात. त्यांचा एमआर भेटण्याचा वेळ रात्री साडेनऊनंतर. एका रात्री ऑपरेशन लांबलं आणि ते साडेअकराला बाहेर आले. मी फिटच्या गोळीचं डिटेलिंग सुरू केलं. आमच्या ब्रँडनं अमुक टक्के फायदा, असा आलेख होता. त्यांनी व्हिज्युअल एड मिटलं आणि विचारलं, “हेल्मेट किती टक्के वाचवतं, माहीत आहे?” मला नव्हतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २००८ साली कॉक्रेननं मांडला, त्यात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालंय. मी गप्प झालो. वीस वर्षं टक्के विकणारा माणूस मी. मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी करणारी गोळी माझ्या बॅगेत असती तर मी डॉक्टरांच्या दारात नाचलो असतो.

मग त्यांनी लॉरेन्स ऑफ अरेबियाची गोष्ट सांगितली. १९३५ च्या मे महिन्यात तो इंग्लंडमध्ये आपल्या मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला, सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. त्यांच्या मनातून ते जाईना. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर लष्कराचे निरोपे, मोटारसायकलवरून टपाल आणि हुकूम पोचवणारे शिपाई, शत्रूची गोळी न लागताच डोकी फुटून मरत होते. केर्न्स यांनी त्यांच्या केसेस गोळा केल्या, १९४१ साली लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं कामावरच्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

डॉक्टरांना त्यात शास्त्राची गंमत वाटत होती. माझं लक्ष भलतीकडंच गेलं. ते निरोपे म्हणजे आम्हीच की. बॅग गळ्यात, दुसऱ्याचा निरोप घेऊन, दुसऱ्याच्या रस्त्यावर. फरक एवढाच, की ज्यानं धाडलं त्यानंच त्यांना हेल्मेट दिलं. मला माझी कंपनी किलोमीटरला टीए देत होती, दिवसाला डीए देत होती, बॅग, टायपिन, दिवाळीला सुकामेवा देत होती. डोक्याबद्दल तिच्या कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांकडं जाऊन चौदाशे पन्नासचं फुल फेस घेतलं. बायकोलाही तसंच एक. तिचं अडीचशेचं आम्ही अंगणात उलटं टांगलं, त्यात आता ऑफिसटाइमचं रोप आहे. २०२२ च्या सरकारी अहवालात देशात हेल्मेट नसल्यानं गेलेल्यांचा आकडा ५०,०२९ आहे, आणि त्यात १४,३३७ मागं बसलेले. तो मी तिला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “मग रोपाला कशाला दिलंस, कुणाला तरी द्यायचं होतंस.” मी म्हटलं, कुणाला देण्याच्या लायकीचंच नाही ते.

त्यानंतरच्या जानेवारीतली गोष्ट. गळीत हंगाम ऐन भरात. ज्यानं संकेश्वर-निपाणी भागात हिवाळ्यात संध्याकाळी गाडी चालवलीय त्याला पुढचं सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्हीकडं हातभर आलेला ऊस, टेपवर कन्नड गाणं फुल्ल, आणि मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. असला तरी चिखलानं माखलेला. अंधारात तो ढीग रस्त्याचाच भाग वाटतो. कणगल्याच्या पुढं मी परत येत होतो. समोरून हेडलाइट डोळ्यांवर आले, ते गेले, आणि माझ्यापुढं वीस-पंचवीस फुटांवर ऊस. ब्रेक दाबला, रस्त्यावर पडलेल्या उसाच्या चिपाडांवरून मागचं चाक सरकलं. ट्रॉलीला धडकलो नाही. आडवा झालो आणि घसरत गेलो.

पडताना माणूस काय करतो? हात पुढं टाकतो. दोन्ही तळवे मी डांबरावर टेकले. मग उजवी कानशिलाची बाजू आपटली. तो आवाज अजून आठवतो. नारळ फोडल्यासारखा, पण दुसऱ्याच्या घरात फोडल्यासारखा. ट्रॅक्टरवाला थांबला, धावत आला. “एनायितरी? काका, लई लागलं काय ओ?” उठलो, बोललो, स्वतःचं नाव सांगितलं. हेल्मेटचा उजवा भाग किसणीवर घासल्यासारखा झाला होता. पुढं मामांनी अस्तर काढून दाखवलं, आत बोटभर रुंदीची चीर आणि चेपलेला खळगा. डोक्याला एक टेंगूळही नव्हतं.

तळवे मात्र सोलले होते. दोन्ही. खडी आत रुतलेली. संकेश्वरच्या एका डॉक्टरांनी, जे माझंच मलम लिहून द्यायचे, ती ब्रशनं घासून काढली. तेव्हा मी जे ओरडलो ते बाहेर बसलेल्या पेशंटांनी ऐकलं असणार, कारण पुढच्या व्हिजिटला कंपाउंडर माझ्याकडं बघून हसत होता. बावीस दिवस पट्ट्या. गाडी नाही, बॅग नाही, सही नाही, ताटातला घास बायकोच्या हातानं. डीए बुडाला, टीए बुडाला, तिमाहीचा इन्सेंटिव्ह थोडक्यात हुकला. सगळं मिळून अकरा हजारांवर. मामांच्या दुकानात, मी चौदाशे पन्नास मोजत होतो त्याच काउंटरवर, काचेखाली नऊशे रुपयांचे हातमोजे होते. तळव्यावर जाड चामडं, बोटांच्या सांध्यांवर कडक वाट्या. मामांनी दाखवलेही होते. मी म्हटलं होतं, “हात कशाला, मामा, डोकं वाचलं की झालं.”

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. हातमोजे घेतले. सहा महिने बायकोशी तह करत करत जाळीचं जॅकेट घेतलं, सहा हजार आठशेचं, कोपर-खांदे-पाठीत पॅड असलेलं. मे महिन्यात ते घालून चिकोडीला जाणं म्हणजे चुलीशेजारी गोधडी पांघरून बसणं. जोडीदार म्हणाला, “लडाखला निघालास काय?” निपाणीतल्या एका दवाखान्यात म्हाताऱ्या पेशंटबाईंनी मला डबा पोचवणारा समजून सांगितलं, “डॉक्टरांचं जेवण आत ठेव रे बाळा.” टाय जॅकेटच्या आत, घामानं दोरी झालेला. पण तवंदी घाट उतरताना, वारा जाळीतून आत येतो आणि हेल्मेटची काच जरा वर केली की निपाणीच्या आधीच तंबाखूची खाट नाकात शिरते, तेव्हा मी मजेत असतो. एवढं कबूल करायला हरकत नाही.

जॅकेट सगळ्यांनी घ्यावं असं मी म्हणणार नाही. कागलला बारा-तेरा हजारांवर राबणाऱ्या पोराला सहा हजारांचं जॅकेट घे म्हणणारा माणूस एकतर विक्रेता असतो नाहीतर पुण्यातला. पुण्याचं नाव घेतलं म्हणून आठवलं, तिथं २०१९ च्या जानेवारीत लोकांनी पुणेरी पगड्या घालून हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढला होता. पैसा असून ही तऱ्हा. आमच्याकडची पोरं निदान मोर्चा काढत नाहीत; ती नुसतं विचारतात, ‘हाईत काय?’

पडल्यानंतर हेल्मेटचं बिल मी कंपनीला लावलं होतं. एक्स्पेन्स स्टेटमेंटमध्ये ‘इतर’खाली, सोबत फुटलेल्या हेल्मेटचा फोटो. नामंजूर. शेरा होता: ‘वैयक्तिक वापराची वस्तू’. त्याच स्टेटमेंटमध्ये पडलो त्या दिवसाचे दीडशे किलोमीटर मंजूर होते.

आता मी एरिया मॅनेजर आहे. माझ्या हाताखाली पाच पोरं. त्यांची स्टेटमेंटं माझ्या सहीनं वर जातात, आणि ‘स्टेशनरी-झेरॉक्स’च्या रकान्यात किती बसतं याचा अंदाज मला आहे. निपाणीला एक नवा पोरगा आहे, हुशार, चिकोडीपासून गडहिंग्लजपर्यंत हिंडतो. गेल्या महिन्यात त्याच्या स्टेशनरीत एक बिल निघालं. हेल्मेट, एक नग, चारशे पन्नास. मी ते लाल पेननं खोडून परत पाठवलं. तासाभरात फोन.

“सर, साडेचारशेसाठी?”

“साडेचारशेचं आहे म्हणूनच.”

पलीकडं शांतता. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“मामांचा पत्ता पाठवतो,” मी म्हटलं. “चौदाशेच्या खालचं बिल आलं तर परत खोडीन. आणि काउंटरच्या काचेखाली बघ, तेही त्याच बिलात घाल.”